बावखलात टँकर

आमच्या भागात टँकर दिसला की माणसं आधी नाक पुढे करतात. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांनी लावलेली ही सवय आहे. टँकर कुठून आला, नाल्याच्या पुलावर उगाच का थांबला, त्याची नळी खाली सुटली की काय, हे बघायला आम्हाला पोलीस लागत नाहीत. टपरीवर बसलेली रिकामटेकडी मंडळी पुरतात. केमिकलच्या टँकरवाल्याला गाठून गावानं रस्त्यात बसवून ठेवल्याचं मी स्वतः पाहिलं आहे.

आणि अशा आमच्या हुशार गावात एक टँकर भरदिवसा वाडीच्या गल्लीत शिरला, तेव्हा त्याला वाट मिळावी म्हणून लोकांनी आपापल्या मोटरसायकली बाजूला घेतल्या. एका म्हाताऱ्यानं तर हात जोडले. कारण त्यात शेण होतं.

शेणाला आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही. भाताच्या रोपासाठी पालापाचोळ्याचा राब भाजायचा तर शेण हवं, नारळाच्या आळ्यात घालायचं तर शेण हवं, अंगण सारवायचं तर शेण हवं. बैल गेले, गोठे ओस पडले, पण शेणाची भूक तशीच राहिली. शेण पायाखाली आलं तरी चुकून लक्ष्मीला पाय लागला म्हणून आमच्या सासूबाई बोट कपाळाला लावायच्या. तेव्हा शेण आपल्या पायांनी, म्हणजे चाकांनी, दारात येतंय आणि तेही फुकट, म्हटल्यावर गाव पाघळलं नसतं तरच नवल. फुकट ते पौष्टिक, हे आमच्याकडे लहान मुलालाही कळतं.

टँकर आला होता मासवणच्या बाजूने. तिकडे मुंबईतून हललेला एक मोठा म्हशींचा तबेला उभा राहिला आहे. पत्र्याच्या लांबच लांब शेड, आत म्हशीच म्हशी. रोज पाइप लावून शेड धुतात. ते शेण, मूत आणि धुण्याचं पाणी मिळून जे पातळ काळं-हिरवं तयार होतं त्याला आता सगळे स्लरी म्हणतात. आधी तबेलेवाला ते सरळ नाल्यात सोडायचा. नाल्याच्या खालच्या अंगाच्या लोकांनी आरडाओरडा केला, साहेब येऊन गेले, आणि नाल्यात थेंबही जाता कामा नये असा हुकूम झाला. थेंब जाणार नाही म्हटल्यावर तो दुसरीकडे कुठेतरी जाणारच. तो आमच्याकडे आला.

आणला माझ्या चुलत दिरांनी. त्यांची वाडी आमच्या वाडीला लागून. मध्ये कुंपणसुद्धा नाही, नुसती अबोलीची रांग. मधली बाव, म्हणजे विहीर, दोघांची सामायिक. माणूस वाईट नाही हो. माझ्या बाळंतपणात अवेळी रिक्षा शोधून आणणारे हेच. पण एकदा डोक्यात काही शिरलं की ते काढायला ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही. त्यांना कुणीतरी सांगितलं, स्लरी म्हणजे नुसतं सोनं, झाडं डोलायला लागतील. पहिला टँकर त्यांनी नारळांच्या आळ्यात सोडला, तेव्हा मीही काही बोलले नाही. झाडाला खत घातलं, त्यात बोलण्यासारखं काय होतं?

पण म्हशी रोज शेण टाकतात आणि नारळाला रोज खत लागत नाही, हा हिशेब कुणीच केला नव्हता. टँकर पुन्हा आला, परत परत आला. आळी भरली, पाट भरले. तेव्हा भाऊजींनी अशी शक्कल काढली की जी फक्त आमच्या वाडीपट्टीतल्या माणसालाच सुचू शकते. त्यांनी टँकरची नळी बावखलात सोडली.

बावखल म्हणजे वाडीच्या टोकाला आमच्या पूर्वजांनी खणून ठेवलेलं तळं. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर. जमिनीखाली एका बाजूनं खारं पाणी दबा धरून असतं. पावसाचं गोडं पाणी बावखलात साठतं, हळूहळू जमिनीत जिरतं, आणि ते जिरलेलं पाणी खाऱ्याला अडवून धरतं. म्हणून आमची बाव भर उन्हाळ्यातही गोडी राहते. जुनी माणसं दरवर्षी बावखलातला गाळ उपसायची, तेही पाणी चांगलं जिरावं म्हणून. पंप आले, नळ आले, आणि बावखल कशासाठी आहे तेच लोक विसरले. खड्डा आहे, त्यात पाणी राहतं, म्हणजे ती टाकी. आयती टाकी! जो खड्डा पाणी जमिनीत सोडण्यासाठी खणला, त्याच्यातच ही घाण साठवायला घेतली. वैऱ्याला शोधूनही इतकी अचूक जागा सापडली नसती.

मी तरातरा गेले. टँकरवाला परप्रांतीय पोरगेला माणूस, खाली उतरून नळी धरून उभा. मला बघून समजुतीनं म्हणाला, "मॅडम, गोबर है, केमिकल थोडी है." त्याला काय बोलणार? मी भाऊजींना म्हटलं, हे बावीत उतरेल. ते हसले.

"वयनी, शेनात काय इख असतं? शेनानं घर सारवतो आपण."

"सारवतो, भाऊजी. पीत नाही."

टँकर रिकामा होत राहिला. आमच्या ह्यांची बोईसरला कारखान्यात पाळी असते. घरी आल्यावर मी सगळं सांगितलं तर म्हणाले, भावाभावांत वाकडं नको, थोडे दिवस बघू. हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा ऐकलंय की आता नुसतं ऐकूनच माझं डोकं फिरतं.

दिवाळीनंतर सुरू झालेलं हे, संक्रांतीपर्यंत बावीला लागलं. आधी माश्या आल्या. मग सकाळी पहिली कळशी काढली की एक वास यायचा, गोठ्याचा नाही, त्याहून आंबूस. मग पाण्याला फिक्या चहासारखा रंग आला. मी घरात बावीचं पाणी प्यायचं बंद केलं. नळाचं पाणी आमच्याकडे त्याची लहर असेल तसं येतं, पण भांडी भरून ठेवली की घरापुरतं भागतं. प्रश्न आमच्या घराचा नव्हताच.

आमच्या बावीवर कोळीवाड्यातल्या बाया पाणी न्यायला येतात. त्यांच्याकडच्या विहिरी खाऱ्या. नळ त्यांच्याकडे पोचेपर्यंत त्याची धार सुतासारखी होते. सासूबाईंच्याही सासूच्या काळापासून वाडीची बाव त्यांना उघडी. पाण्याला नाही म्हणायचं नाही, हा घरचा रिवाज. त्याही कधी रिकाम्या हातानं येत नाहीत, कधी मूठभर सुकट, कधी दोन बोंबील. त्यांच्यातली एक मावशी. माझ्याहून फार मोठी नाही, पण मुलं तिला मावशी म्हणतात म्हणून मीही मावशीच म्हणते. तिची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. आमच्या बाजूला बाळंतिणीला गोड्या बावीचंच पाणी उकळून देतात, शेपा घालून. त्या पाण्यासाठी मावशी दोन हंडे घेऊन आली.

मी तिला सांगितलं, हे पाणी नेऊ नकोस.

ती थांबली. तिनं बावीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"आमचा हंडा नको झाला काय, वयनी?"

आयुष्यात मला कुणी थोबाडीत मारली नाही, पण मारल्यावर काय वाटत असेल ते मला तेव्हा कळलं. इतक्या पिढ्यांचं येणं-जाणं, आणि एका टँकरनं ते या प्रश्नावर आणून ठेवलं. तिचं तरी काय चुकलं? वाडीवाल्यांनी कोळणीला पाणी नको म्हटलं तर ती दुसरं काय समजणार? मी तिचा हात धरला आणि बावखलावर नेलं. वर काळसर साय आली होती, तिच्यावर बुडबुडे येऊन फुटत होते. कडेची केळ पिवळी पडून वाकली होती. मावशीनं पदर नाकाला लावला. मासळीत जन्म गेलेली बाई, तिनं नाक धरलं! मग बावखल आणि बाव यांच्यातलं अंतर तिनं नजरेनंच मोजलं आणि म्हणाली, "हे कोनाला सांगायचं?"

तेच तर आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही दोघी पालघरला गेलो. मावशीला सकाळच्या बाजारात मासळी विकायची होती, ती विकून टोपली बाजारातच ठेवून ती आली. जिल्हा झाल्यापासून पालघरला कार्यालयांना तोटा नाही. इमारती अशा चकाचक की फरशीवर आपलं तोंड दिसावं. त्या फरशीवरून आम्ही दिवसभर फिरलो आणि जिथे जाऊ तिथे हे आमच्याकडे येत नाही, असंच ऐकलं. प्रदूषणाचं बघणाऱ्यांनी विचारलं, कारखाना कोणता? कारखाना नाही, तबेला, म्हटल्यावर त्यांचा रस संपला. जनावरांचं बघणाऱ्यांनी सांगितलं की म्हशींची तब्येत उत्तम आहे. गाड्यांचं बघणाऱ्याला टँकरची कागदपत्रं हवी होती, टँकरमधल्या मालाशी त्याला देणंघेणं नव्हतं. आणि शेतीवाल्या साहेबांनी तर आमचं अभिनंदन केलं. रासायनिक खत सोडून सेंद्रियकडे वळल्याबद्दल! मी बाटलीत बावीचं पाणी नेलं होतं, ते टेबलावर ठेवलं. त्यांनी ती बाटली पेनच्या टोकानं हळूच फायलींपासून दूर सरकवली. मावशी त्यांच्या खुर्चीजवळ गेली तेव्हा त्यांनी पंखा वाढवायला सांगितलं. मासळीचा वास त्यांना लगेच आला.

शेवटी एका तरुण बाईंनी आम्हाला बसायला खुर्ची दिली आणि नीट समजावून सांगितलं. बाई सरळ होत्या, म्हणूनच मला जास्त राग आला, कारण त्यांच्यावर काढता येईना. म्हणाल्या, तबेल्याला नियम आहे. स्लरी नाल्यात सोडायची नाही, गोळा करायची, शेतकऱ्यांना द्यायची. तबेला ती देतो. म्हणजे तबेला नियम पाळतो.

मी विचारलं, तबेल्याच्या फाटकाबाहेर पडल्यावर काय? टँकर कुठे रिकामा करायचा? किती? खड्ड्याला तळ हवा की नको, झाकण हवं की नको? विहिरीपासून किती लांब?

त्या म्हणाल्या, "बाहेर पडलं की ते शेतकऱ्याचं खत होतं. त्याच्याबद्दल माझ्या हातात काही नाही."

माझ्या डोळ्यांपुढे आमच्या रस्त्यावरून जाणारा दुधाचा टँकर आला. त्याच तबेल्यातून निघतो. झाकणाला सील, आत गारवा, पोचल्यावर तपासणी, थोडी आंबूस चव आली तर अख्खा टँकर परत. का? तर ते शहरातली माणसं पिणार. त्याच म्हशीचं शेण मात्र गळक्या टँकरातून, रस्ताभर शिंतोडे उडवत, येईल त्या खड्ड्यात. का? तर ते आम्ही पिणार. हे मी तिथे मोठ्यानं बोलले. दोन माणसांनी फायलीतून माना वर केल्या आणि पुन्हा खाली घातल्या. त्या बाईंनी मात्र पाहणी लावून देते म्हणून शब्द दिला, आणि पाळलाही.

पाहणीचं भाऊजींना कुठून कळलं देव जाणे. त्या दिवशी टँकर आला नाही. बावखलावर नारळाच्या झावळ्या पसरल्या होत्या, जणू मांडव घातला होता. गाडीतून दोघे साहेब उतरले, सरपंच आले, तबेल्याचा मुकादम आला, निम्मा गाव आला. मावशी आणि कोळीवाड्यातल्या बाया एका बाजूला उभ्या. मी झावळी ओढून दाखवली. साहेबांनी रुमाल काढला. मी म्हटलं, हे इथून तिथे जातं, आणि बावीकडे बोट केलं.

त्यावर भाऊजी पुढे झाले. बावीतून पोहरा काढला, तांब्या भरला आणि सगळ्यांदेखत तो घटाघटा प्याले. मिशी पुसून म्हणाले, "मरतो काय बघा."

गाव हसलं. सरपंच हसले. साहेबही हसले आणि त्यांनी आपल्या पिशवीतली सीलबंद बाटली काढून तिच्यातलं पाणी पिऊन घेतलं. त्यांच्या हातातल्या त्या बाटलीकडे माझ्याखेरीज कुणाचं लक्ष गेलं की नाही कोण जाणे. मी साहेबांना म्हटलं, तुम्हीही बावीचं घ्या ना, तांब्या इथेच आहे. ते म्हणाले, मला जरा घशाचा त्रास आहे.

भाऊजींना नंतर काहीही झालं नाही. साधी पोटदुखीसुद्धा नाही. ते ठणठणीत राहिले आणि आमचं सगळं म्हणणं त्या एका तांब्यात बुडालं. बावीचं पाणी प्यायलेल्या कोळीवाड्यातल्या पोरांना महिनाभर जुलाब होत होते, ते कुणी बघितलं नाही. पोरांची पोटं काय, नेहमीच बिघडतात, असं सरपंच म्हणाले. एखादा दगडासारखा माणूस विष पचवतो म्हणून ते पोरांना पाजायचं असतं का? पण गावाला भाऊजींचा तांब्या आठवतो. अजून नाक्यावर त्याची गोष्ट कौतुकानं सांगतात.

तरी साहेबांनी बावीच्या पाण्याची बाटली तपासायला नेली होती. तपासणीत जे यायचं तेच आलं, पिण्यास अयोग्य. मला वाटलं, आता तरी टँकर थांबेल. झालं असं की पंचायतीचा माणूस रंगाचा डबा घेऊन आला आणि त्यानं आमच्या बावीच्या कठड्यावर लाल अक्षरांत लिहिलं, या विहिरीचे पाणी पिऊ नये. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी त्याला म्हटलं, बाबा, अशीच एक पाटी बावखलावर लाव, इथे स्लरी टाकू नये म्हणून. तो म्हणाला, बावखल खाजगी आहे. मी म्हटलं, बावसुद्धा खाजगीच की. तर म्हणाला, पण तिचं पाणी लोक पितात ना. त्याच्या मते हे अगदी सरळ होतं. तो आपला ब्रश धूत होता, ते पाणीही बावीच्याच कडेला ओतत होता. त्याच आठवड्यात टँकर पुन्हा येऊ लागला. झावळ्यासुद्धा काढल्या नाहीत, त्यांच्यावरूनच नळी सोडली.

मी भाऊजींशी बोलणं टाकलं. त्यांनी एकदा अबोलीच्या रांगेपलीकडून नारळ पाठवले, चांगले मोठे होते. मी परत पाठवले. ह्यांना ते आवडलं नाही. न आवडू दे.

कोळीवाड्यात आता बोईसरहून पाण्याचे जार येतात. मावशीची मुलगी सुखरूप बाळंत झाली, मुलगा झाला. बाळंतिणीचं पाणी जारचं. सव्वा महिना झाल्यावर, होळीच्या सुमाराला, मावशी एक दिवस पोरीला नटवून, डोक्याला रुमाल बांधून आमच्या वाडीत घेऊन आली. मागून एक बाई बाळाला घेऊन. हातात ताट, हळद-कुंकू, ओटीचा नारळ, पानात घुगऱ्या. बाळंतीण पहिल्यांदा घराबाहेर पडते ती पाण्याला, बावीची पूजा करायला. मावशी स्वतः याच बावीवर पुजायला आली होती, तिची आईही.

मला कानकोंडं झालं. मी मावशीला बाजूला घेऊन विचारलं, अगं, बावीवर काय लिहिलंय ते ठाऊक आहे ना? पूजा नळाची करा, घरी करा, काहीही करा.

"जारची पूजा कशी करू, वयनी?" ती म्हणाली.

त्यांनी बावीची पूजा केली. पोरीनं कठड्याला हळद-कुंकवाची बोटं ओढली. लाल अक्षरांच्या मध्ये जिथे रिकामी जागा मिळाली तिथे ओढली. ओटी भरली, घुगऱ्या वाटल्या. मग रिवाजाप्रमाणे तिनं पोहरा सोडला, पाणी वर काढलं, कळशी भरली. कळशी घरी नेऊन तिच्यातलं पाणी तुळशीला घालणार होत्या, तेवढंच ठरलं होतं. पण बाळंतिणीनं त्या पाण्याचा पहिला घोट घ्यायचा असतो. लहानपणापासून बघितलेलं, हाताला ठाऊक असलेलं. पोरीनं ओंजळ भरली आणि तोंडाकडे नेली.

मी तिचं मनगट धरलं.

पाणी आमच्या दोघींच्या हातांवरून सांडलं आणि कठड्यावरच्या कुंकवात मिसळलं. मागे बाळ रडायला लागलं होतं, त्याची पाजायची वेळ झाली होती. पोरीचे ओठ ओले झाले होते. तिनं ते पदरानं घाईघाईनं पुसले आणि घाबरून मला विचारलं, "काकी, थोडं तोंडात गेलं. आता त्याला पाजू का नको?"

मला माहीत नव्हतं. पालघरच्या एवढ्या टेबलांपैकी एकालाही माहीत नव्हतं. बाळ रडत होतं, आणि आम्ही तिघी बावीपाशी तशाच उभ्या राहिलो.